कागदाचा साक्षीदार : खानदेशांतील दस्तऐवज आणि नोटरीची कामगिरी

माणसानें तोंडानें दिलेला शब्द आणि कागदावर लिहून दिलेला शब्द यांत एक मोठें अंतर आहे. बोलणारा माणूस समोर असतो. त्याचा चेहरा, त्याचा आवाज, त्याचा संकोच हीं ऐकणाऱ्यास कळतात. कागद मात्र मुका असतो. तो कोणीं लिहून दिला, समजून उमजून दिला कीं दबावाखालीं दिला, त्यांत लिहिलेले पैसे खरोखर हातीं पडले कीं नाहींत, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर कागदाला स्वतः देतां येत नाहीं. म्हणून जेथें दस्तऐवज आला, तेथें त्याच्या पाठोपाठ साक्षीदारहि आला. नोटरी हा या साक्षीदारांच्या परंपरेंतील अलीकडचा वारस होय. जळगांव किंवा धुळें येथील न्यायालयाच्या आवारांत गेल्यास त्याची पाटी दिसते. कोणी शाळेच्या दाखल्यावरील नांवांतली चूक दुरुस्त करण्यासाठीं प्रतिज्ञापत्र घेऊन आलेला असतो, कोणी वारसाच्या कामासाठीं, कोणी मुखत्यारपत्रासाठीं. शिक्का उठतो, सही होते, आणि काम कांहीं मिनिटांत आटोपतें. त्यामुळें शिक्का मारणें हेंच नोटरीचें काम, असा सार्वत्रिक समज झाला आहे. तो समज किती अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत कोणास द्यावी लागते, हें खानदेशाच्या इतिहासांत फार स्पष्टपणें पाहावयास मिळतें.

इंग्रजी अंमलापूर्वीं खेड्यांतील माणसास नोटरी ठाऊक नव्हता, पण साक्ष ठाऊक होती. वतनाचा तंटा असो, शेताच्या बांधाचा वाद असो, कीं भाऊबंदांतील वांटणी असो, त्याचा निवाडा पुष्कळदां गोतसभेंत होई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेत, आणि जें ठरे तें महजरांत नमूद होई. महजराच्या शेवटीं हजर असलेल्यांच्या साक्षी पडत. ज्यास लिहितां येई तो स्वतःच्या हातानें नांव घाली. ज्यास लिहितां येत नसे त्याचें नांव दुसऱ्यानें घातलें, कीं तो आपल्या धंद्याची खूण काढी. ‘निशाणी नांगर’ ही कुणब्याची आणि पाटलाची निशाणी तर प्रसिद्धच आहे. ती काढणाऱ्यास अक्षरओळख नसली, तरी साक्षीला तो अपात्र ठरत नसे. कारण त्याची साक्ष अक्षरांची नव्हती, पाहिलेल्या गोष्टीची होती.

या पद्धतीचें सारें मर्म हजेरींत होतें. साक्ष देणारा त्या जागीं प्रत्यक्ष बसलेला असे. ज्याची जमीन त्यास तो लहानपणापासून ओळखत असे. शिवाय खोटी साक्ष देणाऱ्यास त्याच गांवांत आणि त्याच गोतांत पुढचा जन्म काढावयाचा असे. ही धास्ती कोणत्याहि कायद्याच्या कलमाहून कमी नव्हती. ही व्यवस्था निर्दोष होती, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वजनदार माणसापुढें दुबळ्याची साक्ष फिकी पडे, आणि गांवाबाहेरच्या परक्याचें तेथें कोणी ऐकत नसे. परंतु कागद आणि माणूस यांची ताटातूट तिनें होऊं दिली नव्हती, हें तिचें श्रेय मान्य केलेंच पाहिजे.

असे जुने कागद आज वाचावयास मिळतात, याचें पुष्कळसें श्रेय इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांस आहे. १८९८ सालीं त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढें गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळिलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथेंच त्यांचा अंत झाला, आणि थोड्याच दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजीं, त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यांत स्थापन झालें. संशोधकांस हे कागद इतिहासाचीं साधनें वाटतात. ज्यांनीं ते पिढ्यान्‌पिढ्या पेटींत जपले, त्यांच्या मनांत इतिहास नव्हता. त्यांना आपली जमीन आणि आपला हक्क राखावयाचा होता. साक्षी मोडणार नाहींत, हा त्यांचा विश्वास होता, म्हणून कागद जपण्याचे श्रम त्यांनीं घेतले.

खानदेशांत गोतसभेच्या जोडीला आणखी एक साक्षीदार होता, तो म्हणजे काजी. १६०१ मध्यें अकबरानें असीरगड घेतल्यावर फारुकी घराण्याचें राज्य संपलें आणि खानदेश हा मोगलांचा एक सुभा झाला. त्याचें मुख्य ठाणें बऱ्हाणपूर. तें आज मध्यप्रदेशांत असलें तरी खानदेशाचा व्यापार आणि कारभार दीर्घकाळ त्याच्याभोंवतीं फिरत असे. मोगली अंमलांत काजी हा केवळ धर्मशास्त्राचा निर्णय देणारा नव्हता. खरेदीखतें, दानपत्रें, कबुलीजबाब यांवर तो आपली मोहोर उठवी, आणि मूळ कागदाच्या नकलेवर ती असली म्हणजे ती नकल अस्सलाबरहुकूम मानली जाई. लिहून देणारा आपल्यासमोर आला, त्यानें कबुली दिली, हें त्या मोहोरेचें सांगणें असे. पाश्चात्य देशांत जें काम नोटरी करीत होता, त्यांतील पुष्कळसें काम येथें काजीची मोहोर करीत होती.

जमिनीच्या कागदाची ही गोष्ट झाली. पेठेंतला कागद वेगळा. तो म्हणजे हुंडी. सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर बऱ्हाणपूर हें मोठें केंद्र होतें, आणि तेथील सराफांच्या हुंड्या दूरदूरच्या पेढ्यांवर चालत. रोकड बरोबर घेऊन प्रवास करणें जिवावरचें काम होतें. म्हणून एका गांवीं पैसे भरून दुसऱ्या गांवीं ते मिळविण्याची चिठ्ठी घ्यावयाची, ही पद्धत रूढ झाली. दाखवितांच पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनीं द्यावयाची ती मुदती हुंडी. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेंतील प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातींच द्यावयाचे, म्हणजे चुकीच्या माणसास पैसे गेल्यास मागे कोणास धरावें हें ठरलेलें असे. येथेंहि पुन्हा ओळखीचाच प्रश्न होता, आणि तो पेठेनें आपल्या रीतीनें सोडविला होता.

हुंडी वाटेंत हरवली तर काय करावयाचें, याचीहि तजवीज होती. पहिली गहाळ झाली तर दुसरी प्रत लिहून देत, ती पेठ. तीहि गेली तर तिसरी, ती परपेठ. आणि तीहि नाहींशी झाली तर पंचांच्या साक्षीनें मेजरनामा करीत. मेजरनामा हा शब्द महजरनाम्याचेंच पेठेंतील रूप दिसतें. गोतसभेंत बसणारे कुणबी आणि पेढीवर बसणारे सराफ यांचे व्यवहार निराळे. पण कागदानें दगा दिला म्हणजे दोघेहि अखेर एकाच ठिकाणीं येत, आणि तें ठिकाण म्हणजे चार माणसांची उघड साक्ष.

युरोपांत या साक्षीस एका स्वतंत्र पेशाचें रूप आलें. रोमन लोकांत ‘नोटारिअस’ म्हणजे संक्षिप्त खुणांनीं भराभर लिहून घेणारा लेखनिक. मध्ययुगांत इटलीच्या व्यापारी नगरांत त्याला मोठी प्रतिष्ठा आली; करार, मृत्युपत्रें, वांटण्या हें सारें त्याच्या वहींत नोंदलें जाऊं लागलें. इंग्लंडांत नोटरीची सनद पोपच्या अधिकारानें मिळे. १५३३ सालीं आठव्या हेन्रीच्या अमदानींत पोपशीं संबंध तुटले, तेव्हां हा अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपाकडे आला. याचा परिणाम मोठा मौजेचा झाला. हिंदुस्थानांत इंग्रजी व्यापार पसरल्यावर येथील नोटरींच्या नेमणुकाहि त्याच आर्चबिशपाच्या कचेरींतून होऊं लागल्या. मुंबईच्या पेढीवर न पटलेल्या हुंडीची साक्ष करावयाची, आणि त्या साक्षीची सनद आणावयाची ती समुद्रापलीकडील एका ख्रिस्ती धर्मपीठाकडून, अशी ही व्यवस्था होती.

खानदेशास या पाश्चात्य कागदाची गरज भासूं लागली ती कापसामुळें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव एकदम चढले. त्याच सुमारास आगगाडी खानदेशांत पोंचली. जळगांव हें तोंवर बेताचें गांव होतें. तें पाहतां पाहतां कापसाची मोठी पेठ बनलें. जळगांवचा माल मुंबईमार्गें विलायतेस जाऊं लागल्यावर देशी हुंडीच्या शेजारीं परदेशी हुंडी, म्हणजे बिल, येऊन बसलें. असें बिल देणेदारानें नाकारलें, कीं तें नोटरीकडे जाई. नोटरी तें पुन्हा देणेदारापुढें ठेवी, रीतसर मागणी करी, आणि नकार मिळाल्यास तो कोणत्या दिवशीं व काय कारणानें मिळाला, याचें टिपण बिलावर करी. पुढें जरूर पडल्यास त्या टिपणावरून निषेधाचा सविस्तर दाखला देई. दूरच्या देशांतील व्यापारी आपला कारकून येथें पाठवूं शकत नसे. नोटरीनें स्वतः पाहिलें व ऐकलें, एवढ्यावर त्याची भिस्त असे. १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्यानें ही कार्यपद्धति ठरवून दिली, आणि त्या कामापुरते नोटरी नेमण्याचा अधिकार येथील सरकारास दिला. देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज मात्र त्या कायद्यानें अबाधित ठेविले.

पेठेंतील व्यापारी आपली काळजी घेण्यास समर्थ होता. शेतकऱ्याचें तसें नव्हतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं धुळें हें जिल्ह्याचें ठाणें केलें, आणि यथाकाल तेथें कचेरी व न्यायालयें उभीं राहिलीं. नव्या न्यायालयांनीं एक मोठा पालट घडवून आणिला. पूर्वीं कागद हा माणसांच्या साक्षीला पूरक होता. आतां कागद हाच मुख्य पुरावा झाला, आणि माणूस त्याच्यापुढें निरुत्तर झाला. न्यायाधीश परका, तो गांवास ओळखत नाहीं. त्याच्यापुढें सावकार सही-निशाणीचा रोखा ठेवी, आणि हुकूमनामा घेऊन जाई. गोतसभा मागें पडली होती, आणि तिच्या जागीं दुसरा निःपक्ष साक्षीदार अद्याप बसलेला नव्हता. या मधल्या पोकळींत गरिबाचें मोठें नुकसान झालें.

तें नुकसान कसें होई, हें समजून घेण्यासारखें आहे. कुणब्यास शंभर रुपये कर्ज पाहिजे असलें, तर मनोती म्हणून कांहीं रक्कम आधींच कापून घेतली जाई. हातीं कमी पैसे येत, पण रोख्यांत भरणा पुरा शंभराचा लिहिला जाई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतु असा कीं, जुन्या देण्यांचा तगादा कुळामागें लागूं नये. परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली कीं, सावकार व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि प्रत्येक नव्या रोख्यास कर्जाचा आकडा वाढे. शिवाय रोखा मोडी अक्षरांत आणि कचेरीच्या भाषेंत. ऋणको घरीं अहिराणी बोलणारा, किंवा सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल असल्यास भिली बोलणारा. जें लिहिलें तें त्यास वाचतां येत नसे, आणि वाचून दाखविलें तरी त्यांतील अर्धें कळत नसे. साक्षीदार म्हणून ज्यांचीं नांवें खालीं असत, तीं बहुधा सावकाराच्या ओळखीचीं माणसें. नांगराची खूण रोख्यावर अजूनहि उमटत होती. पण तिच्याभोंवतीं बसणारी सभा नाहींशी झाली होती.

या असंतोषाचा भडका १८७५ च्या मे महिन्यांत उडाला, तो मात्र खानदेशांत नव्हे. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें, आणि पाठोपाठ नगर जिल्ह्यांत. जमावांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरावर होता. रोखे आणि हुकूमनामे मागावयाचे आणि जाळून टाकावयाचे, हा त्यांचा क्रम. ज्या कागदाशीं वाद घालतां येत नाहीं, तो जाळणें एवढाच उपाय त्या अडाणी माणसांस सुचला. सरकारनें चौकशीमंडळ नेमिलें, आणि त्याची परिणति १८७९ च्या दख्खन शेतकरी संरक्षण कायद्यांत झाली. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं होता. खानदेश त्यांत नव्हता.

तरीहि त्या कायद्यांतील एक योजना नोटरीच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिनें ग्रामनिबंधक नांवाचा अधिकारी निर्माण केला. शेतकऱ्यानें करून दिलेला दस्तऐवज त्याच्यासमोर झाल्यावांचून ग्राह्य मानावयाचा नाहीं, असा नियम झाला. लिहून देणारा तोच माणूस आहे अशी त्यानें प्रथम खात्री करून घ्यावयाची. दस्त स्वतः लिहावयाचा किंवा आपल्या देखरेखीखालीं लिहवून घ्यावयाचा. तो मोठ्यानें वाचून दाखवावयाचा. मग आपल्यासमोर सही किंवा निशाणी घ्यावयाची, आणि दोन प्रतिष्ठित साक्षीदारांसह स्वतः साक्ष घालावयाची. मोबदल्याची रक्कम पुरी व खरी नमूद करावयाची, आणि जुन्या रोख्याच्या पोटीं नवा होत असल्यास जुना हजर करावयाचा. मनोती आणि रोख्यांची अदलाबदल या दोन्ही दुखण्यांवर हा नेमका इलाज होता. सरकारी भाषेचें आवरण बाजूला केलें, तर ही मोडलेल्या गोतसभेची एका माणसांत केलेली पुनर्रचनाच होती.

ओळख पटविण्याचा प्रश्न याच काळांत आणखी एका मार्गानें सुटत होता. १८५८ सालीं बंगालमध्यें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, आणि १८७७ पासून हुगळी येथें दस्तनोंदणीच्या कामीं बोटांच्या ठशांचा उपयोग त्यानें सुरू केला. निशाणी नांगराची जागा हळूहळू अंगठ्यानें घेतली. अंगठ्याचा ठसा दुसऱ्याचा होऊं शकत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो फक्त एवढेंच सांगतो कीं, हा माणूस येथें होता. त्यास काय सांगितलें गेलें, काय समजलें, पैसे मिळाले कीं नाहीं, हें ठसा सांगत नाहीं. तें सांगावयास पाहणारा माणूसच लागतो.

स्वराज्य आल्यावर कँटरबरीच्या सनदेचें प्रयोजन उरलें नाहीं. १९५२ सालीं संसदेनें नोटरींचा स्वतंत्र कायदा केला, आणि तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलांत आला. त्यान्वयें नोटरीची नेमणूक केंद्र सरकार किंवा राज्य सरकार करतें, आणि ती सामान्यतः किमान दहा वर्षें वकिली केलेल्यासच मिळते. फ्रान्स-इटलीसारख्या देशांत नोटरी हा दस्त स्वतः तयार करणारा मोठा कायदेपंडित असतो. अमेरिकेंत दुकानांतला कारकूनहि नोटरी असूं शकतो. भारतानें या दोहोंमधील वाट धरली. त्याचीं कामें कायद्यानें मोजून दिलीं आहेत. दस्तऐवज करून दिल्याची साक्ष घालणें व तो प्रमाणित करणें, शपथ देणें व प्रतिज्ञापत्र घेणें, हुंड्या व वचनचिठ्ठ्या सादर करून त्यांच्या नकाराचें टिपण व निषेध करणें, एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत भाषांतर करून तें पडताळणें, हीं त्यांतील मुख्य. त्याचा शिक्का साधा, वाटोळा आणि पांच सेंटिमीटर व्यासाचा असावा. केलेल्या कामाची नोंद विहित वहींत ठेवावी. फीचे दर लोकांस दिसतील असे लावावे, असेहि नियम आहेत. सही आणि शिक्का या दोहोंवांचून त्याचें कोणतेंहि काम पुरें होत नाहीं.

या यादींतील भाषांतराचें काम खानदेशाच्या दृष्टीनें विशेष अर्थपूर्ण आहे. निरक्षर माणसाचा शब्द कागदावर उतरावयाचा तर उतरविणारा प्रामाणिक पाहिजे. याचें एक वेगळ्या क्षेत्रांतलें उदाहरण जळगांवचेंच आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. १९५१ सालीं त्यांचें निधन झालें, आणि १९५२ सालीं, म्हणजे नोटरींचा कायदा झाला त्याच वर्षीं, त्यांचीं गाणीं ग्रंथरूपानें बाहेर आलीं. कारण घरच्यांनीं तीं त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्याच बोलींत लिहून ठेविलीं होतीं. अक्षरशून्य माणूस म्हणजे अर्थशून्य माणूस नव्हे. काव्यांत ऐकणाऱ्यानें प्रामाणिकपणें लिहिलें म्हणून ठेवा राहिला. कर्जाच्या रोख्यांत लिहिणाऱ्यानें अप्रामाणिकपणा केला म्हणजे शेत जातें.

शेत जातें तें कसें, हें पश्चिम खानदेशानें पुन्हा एकदां दाखविलें. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. शहादें, तळोदें हा भाग तेव्हां धुळें जिल्ह्यांत होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत आहे. या भागांतील भिल्लांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या गहाणांत, खंडांत आणि विक्रींत परहस्तगत होत गेल्या, आणि एके काळचे जमीनधारक त्याच जमिनींवर सालदार म्हणून राबूं लागले. १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीनें या प्रश्नास वाचा फोडली. अशा व्यवहारांपैकीं कित्येक कागदोपत्रीं रीतसर होते. अंगठा होता, तिकीट होतें, साक्ष होती. नव्हतें तें अंगठा देणाऱ्याचें आकलन. अखेर १९७४ सालच्या कायद्यांनीं आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध घातले, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली. दस्त होतांना जी विचारपूस व्हावयाची, ती वीस-वीस वर्षांनीं कायदा करून करावी लागली, असा याचा अर्थ होतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांची फसगत निराळ्या प्रकारची असते. नोटरीचा शिक्का उठला कीं व्यवहार पक्का झाला, अशी त्यांची समजूत असते. धुळ्या-जळगांवच्या वाढत्या वस्तींत प्लॉट किंवा सदनिका घेतांना केवळ नोटरीपुढें केलेल्या करारावर सारी पुंजी देणारे लोक आढळतात. वस्तुतः १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें शंभर किंवा अधिक रुपये किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते. ती नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत, १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वयें व्हावी लागते. नोटरी हा, सही करणारा तोच माणूस होता व त्यानें सही केली, एवढ्याची साक्ष देतो. मालकी तो देत नाहीं, आणि विकणारा खरा मालक आहे, अशी हमीहि देत नाहीं. तसेंच विवाह किंवा घटस्फोट यांचे लेख प्रमाणित करणें हेंहि त्याचें काम नव्हे, असें केंद्र सरकारच्या विधि खात्यानें २०२४ सालीं बजाविलें आहे.

जेथें त्याची साक्ष खरोखर मोलाची, तेथें ती पुरेशी बळकटहि आहे. नोटरीपुढें करून त्यानें प्रमाणित केलेलें मुखत्यारपत्र रीतसर झालें असें न्यायालयानें गृहीत धरावें, असें १८७२ च्या पुरावा कायद्यांत होतें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तें कायम आहे. मुलगा परदेशांत आणि वडिलोपार्जित शेत अमळनेरास किंवा चोपड्यास, अशी स्थिति आज पुष्कळ घरांत आहे. तेथील नोटरीची साक्ष येथें चालावी, यासाठीं १९६१ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारांत भारत सामील झाला असून तो करार भारतापुरता १४ जुलै २००५ पासून लागू आहे. शहाजोग हुंडीनें बऱ्हाणपूरच्या सराफाचा जो प्रश्न सोडविला, तोच प्रश्न हा करार दूरदेशच्या मुलासाठीं सोडवितो: न पाहिलेल्या माणसावर विश्वास ठेवावयाचा तर मध्यें कोण उभा आहे?

किरकोळ दाखल्यांच्या नकलांसाठीं आतां स्वतःचीच सही पुरेशी मानण्याची प्रथा सरकारी कामांत पुष्कळ ठिकाणीं पडली आहे, आणि ती योग्यच आहे. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतां येईल तेथें शिक्क्याची अडवणूक कशाला? पण जेथें जमीन, वारसा आणि मुखत्यारी यांचा प्रश्न आहे, तेथें साक्षीदार हवाच. आणि तो असा हवा, कीं जो माणसाची ओळख पटवील, कागद त्याच्या बोलींत समजावून सांगेल, आणि सही आपल्या डोळ्यांदेखत झाल्यावरच शिक्का उचलील. लिहून देणाऱ्यास न पाहतां, दुसऱ्यानें आणून दिलेल्या कागदावर उठविलेला शिक्का ही नियमांतली लहानशी ढिलाई नव्हे. त्यानें नोटरीच्या कामाचा गाभाच नाहींसा होतो. नागरिकानेंहि शिक्क्याची घाई न करतां, कागद पुरा वाचून घेण्याचा, वहींत नोंद झाली कीं नाहीं हें विचारण्याचा आग्रह धरला पाहिजे. गोतसभेंतला कुणबी अक्षरें जाणत नव्हता, पण जें पाहिलें नाहीं त्याखालीं तो नांगर काढीत नसे. नोटरीच्या शिक्क्याची किंमतहि त्या नांगराइतकीच, आणि त्याच कारणासाठीं.